कुत्र्यालाच तर घालायचंय!



दशलक्षण पर्व संपल्यावर आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. विषय दरवर्षीचाच होता. जीवदयेसाठी जमलेल्या पैशांचं काय करायचं? एरवी आम्ही पांजरपोळात चारा देतो, पक्ष्यांसाठी धान्य देतो. यंदा एकीने सुचवलं, की बस्तीच्या मागच्या गल्लीत दहा-बारा भटकी कुत्री आहेत, त्यांनाही काही खायला घालूया. सगळ्यांना पटलं. एका वहिनींनी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि ऑनलाइन एक पोतं शोधूनही दाखवलं. वीस किलोचं, पुढच्या बाजूला ‘शंभर टक्के शाकाहारी’ असं मोठ्या अक्षरात, कोपऱ्यात हिरवा ठिपका, खाली चार तारे, आणि भाव किलोला शंभर रुपयांच्या आत. पाच पोती मागवायची असं जवळजवळ ठरलंच.

मी विचारलं, “त्यात काय काय घातलंय ते वाचलं का कुणी?”

एक काकू हसून म्हणाल्या, “अगं, कुत्र्यालाच तर घालायचंय! आपल्याला थोडंच खायचंय?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. कारण तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हटलं होतं, आणि त्याची किंमत आमच्या मोतीने मोजली होती.

आमचा मोती

आमच्या घरात कुत्रं कधी नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, मांस खाणारा प्राणी श्रावकाने पाळू नये, पोसण्यातच दोष लागतो. धाकटा लेक एका पावसाळी संध्याकाळी ओलंचिंब पिल्लू शर्टाच्या आत घेऊन आला, तेव्हा सासूबाईंनीच सर्वांत आधी त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं. उद्या सोडून ये म्हणाल्या. तो उद्या काही आला नाही.

माझी अट एकच होती. घरात मांस येणार नाही. मोती आपलं खाईल. सुरुवातीला त्याला दूध-भाकरी घातली, वरणभात घातला. तो आवडीने खायचा, पण अधूनमधून जुलाब व्हायचे आणि अंग काही धरत नव्हतं. शेजारच्या मुलाने सांगितलं, कुत्र्यांचं तयार खाद्य मिळतं, त्यात सगळं असतं. मग मीही ऑनलाइन शोधलं. शाकाहारी असं लिहिलेली चार-पाच नावं निघाली. त्यात सर्वांत स्वस्त जे होतं ते घेतलं. दहा किलोला अकराशे रुपये. यजमानांनी विचारलं, “चांगलं आहे का?” मी म्हटलं, “कुत्र्यालाच तर घालायचंय.”

दोन-अडीच महिन्यांत मोतीच्या पाठीवरचे केस विरळ झाले. अंग सारखं खाजवायचा. खायचा भरपूर, पण शी इतकी मोठी आणि इतक्या वेळा करायचा, की खाल्लेलं सगळं तसंच बाहेर येतंय असं वाटायचं. बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मला वाटलं जंत असतील. त्यांनी जंताचं औषध दिलं, पण जाताना म्हणाले, “पुढच्या वेळी त्याच्या खाण्याची पिशवी घेऊन या.”

मी ती पिशवी नेली, आणि त्या टेबलावर माझी शाळा झाली.

पिशवीच्या मागच्या बाजूला

डॉक्टरांनी पिशवी उलटी केली. पुढची बाजू त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. म्हणाले, पुढे जाहिरात असते, मागे माहिती असते.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याची पद्धत आहे. जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी. आमच्या पिशवीवर पहिलं नाव होतं ‘धान्य व धान्याचे उपपदार्थ’. दुसरं, गव्हाचा कोंडा. तिसरं, मका. चौथ्या नंबरवर सोयाबीन. म्हणजे मी माझ्या वाढत्या वयाच्या कुत्र्याला मुख्यतः कोंडा आणि मका विकत आणून घालत होते. धान्याचे उपपदार्थ म्हणजे काय असू शकतं ते आपल्यासारख्या दळण निवडणाऱ्या बायकांना सांगायला नको. चुरा, तूस, चाळणीवर राहिलेलं सगळं त्यात बसतं. सगळंच वाईट असतं असं नाही, पण नाव मोघम असलं की आत काय आहे ते प्रत्येक खेपेला बदलू शकतं. त्या त्या महिन्यात जे स्वस्त मिळेल ते घालता येतं. सोयाबीन, तांदूळ, वाटाणा, जवस अशी घटकांची स्पष्ट नावं लिहिणारा किमान बोललेला शब्द तरी पाळायला बांधलेला असतो.

मग आकडे. प्रथिने १६ टक्के, स्निग्ध ४ टक्के, तंतू ८ टक्के, ओलावा १० टक्के. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवलं. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणारी आफ्को नावाची संघटना आहे, तिचे आकडे जगभर मापदंड म्हणून वापरले जातात. पाणी वजा करून उरलेल्या कोरड्या भागात मोठ्या कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के स्निग्ध हवं. वाढत्या पिल्लासाठी आणि गाभण किंवा पाजत्या कुत्रीसाठी प्रथिने २२.५ आणि स्निग्ध ८.५ टक्के.

पाणी वजा करायचं गणित सोपं आहे. ओलावा १० असेल तर उरले ९०. पिशवीवरचा आकडा ९० ने भागायचा आणि १०० ने गुणायचा. आमच्या पिशवीची प्रथिने आली १७.८ आणि स्निग्ध ४.४. म्हणजे मोठ्या कुत्र्यालासुद्धा ते कमी होतं, आणि मोती तर आठ महिन्यांचं पिल्लू होता.

मी म्हटलं, “पण तो पोटभर खात होता हो!” डॉक्टर म्हणाले, “पोट भरत होतं, अंगी लागत नव्हतं.”

यजमानांनी मग एक चांगला प्रश्न विचारला. आकडा जास्त असला की झालं का? तर नाही. प्रयोगशाळेत प्रथिने थेट मोजत नाहीत. अन्नातलं नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. नत्र चामड्यातही असतं, पण चामडं पचत नाही. हा आकडा फसवता येतो याचं भयंकर उदाहरण २००७ मध्ये अमेरिकेत घडलं. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं. हे रसायन प्लास्टिकसारख्या वस्तू बनवायला वापरतात. त्यात नत्र भरपूर, म्हणून चाचणीत प्रथिने जास्त दिसतात. ते खाद्य खाऊन कितीतरी कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीत तेच मेलामाइन सापडलं. मुक्या जनावराच्या ताटात जे खपलं, ते पुढे बाळाच्या बाटलीपर्यंत पोहोचलं. ‘कुत्र्यालाच तर घालायचंय’ या वाक्याची मला तेव्हापासून भीती वाटते.

म्हणून आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी बघायच्या. एक, ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असं लिहिलंय का, आणि ते पिल्लासाठी की मोठ्यासाठी. ‘पूरक’ असं लिहिलं असेल तर ते रोजचं जेवण नव्हे, वरचा खाऊ आहे. दुसरी, शाकाहारी खाद्यात मेथिओनिन, टॉरिन, जीवनसत्त्व बी-१२, जस्त ही नावं मागच्या यादीत आहेत का. डाळींमध्ये मेथिओनिन कमी असतं आणि बी-१२ तर वनस्पतीत मिळतच नाही. ही नावं वेगळी घातलेली दिसली, तर बनवणाऱ्याने काही विचार केलाय असं समजायला हरकत नाही. आमच्या पिशवीवर नुसतं ‘जीवनसत्त्वे व खनिजे’ एवढंच होतं.

हिरव्या ठिपक्याचा भरवसा

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. बिस्किटाच्या पुड्यावर तो कायद्याने छापावा लागतो. पण आपला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नाचा आहे. अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे. त्यामुळे कुत्र्याच्या पिशवीवरचा ठिपका आणि आपल्या बिस्किटावरचा ठिपका यांना एकच वजन देऊ नका. तो विकणाऱ्याचा शब्द आहे असं समजा, आणि शब्द खरा आहे का ते मागच्या यादीत तपासा.

मागच्या यादीत ही नावं दिसली तर ते शाकाहारी नाही: मीट मील, चिकन मील, बोन मील, पोल्ट्री बायप्रॉडक्ट, ॲनिमल फॅट, फिश ऑइल, जिलेटिन. आणखी एक शब्द लक्षात ठेवा, ‘डायजेस्ट’. दाण्यांना वास आणि चव यावी म्हणून प्राण्यांच्या मांसाचा किंवा अवयवांचा पातळ अर्क वरून फवारतात, त्याला ॲनिमल डायजेस्ट म्हणतात. आत सगळा मका-सोयाबीन आणि वर हा थर, असंही असू शकतं. म्हणून नुसतं ‘फ्लेवर’ असं लिहिलं असेल, तर कशाचा फ्लेवर आणि कशापासून केलेला, हे कंपनीला विचारायचं. पिशवीवर ग्राहक सेवेचा नंबर किंवा ईमेल असतो. उत्तर देत नसतील तर तेच उत्तर समजायचं.

आणखी एक सांगते, आवडणार नाही पण सांगते. जीवनसत्त्व डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात. मेंढी त्यासाठी मारत नाहीत, पण ते वनस्पतीपासून आलेलं नाही. ज्यांचे नियम कडक आहेत त्यांनी हे माहीत असूनच निर्णय घ्यावा. डोळे झाकून पाळलेला नियम हा नियम राहत नाही असं मला वाटतं.

स्वस्त कसं पडतं आणि महाग कुठे पडतं

मी नुसता किलोचा भाव पाहिला होता. खरा भाव रोजच्या वाडग्याचा असतो. मोती आता सोळा किलोचा आहे. ते स्वस्त खाद्य ११० रुपये किलोचं, आणि पिशवीवर त्याच्या वजनाला रोज ३५० ग्रॅम द्या असं लिहिलेलं. म्हणजे रोजचे साडेअडतीस रुपये. आता जे आणतो ते २२० रुपये किलोचं, पण त्याला २३० ग्रॅम पुरतं, म्हणजे साधारण साडेपन्नास रुपये. किलोचा भाव दुप्पट आहे, वाडग्याचा भाव रोज बारा रुपयांनी जास्त आहे. त्या दोन-अडीच महिन्यांत जे वाचवलं, ते सगळं आणि वर तितकंच औषध-मलमांत गेलं. मोतीला झालेला त्रास मी यात धरलेलाच नाही.

ऑनलाइन घेताना आणखी काही गोष्टी मी ठेच लागून शिकले. मागच्या बाजूचा फोटो नसेल, किंवा अक्षर वाचता येत नसेल, तर घ्यायचं नाही. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत, आयात केलेलं असेल तर कोणत्या देशातून, ही माहिती विक्रीच्या पानावर देणं वैधमापनशास्त्राच्या नियमांनी बंधनकारक आहे. ती नसेल तर विकणारा नियमच पाळत नाही, मग आतला माल तरी कसा असेल? एकदा मला साध्या पारदर्शक पिशवीत भरलेले सुटे दाणे आले, वर हाताने चिकटवलेली चिठ्ठी. मोठ्या पोत्यातून काढून विकलेले. कधी बनवलं, कधीपर्यंत चालेल, काहीच नाही. मी परत पाठवले.

चार तारे पाहून भुलू नका. लोकांनी लिहिलेलं वाचा. ‘वेळेवर मिळालं’, ‘पॅकिंग छान’, ‘माझ्या कुत्र्याने लगेच खाल्लं’. लगेच खाल्लं याचा अर्थ चांगलं होतं असा नाही. पोरं कुरकुरेही लगेच खातात. तीन-चार महिने घालून मग लिहिलेलं कुणाचं असेल तर ते वाचावं. खूप मोठी सवलत असेल तर बऱ्याचदा मुदत संपत आलेली असते. आणि पहिल्या खेपेला कायम सर्वांत लहान पिशवी घ्यायची, मग ती किलोमागे महाग का पडेना.

मर्यादा आपल्याला नवी नाही

या सगळ्यात मला एका गोष्टीचं नवल वाटतं. अन्नाची पारख आपल्याइतकी कोणाला जमणार? पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, थंडीत सात, हे आपण लहानपणापासून पाळतो. धान्य निवडतो, पाणी गाळतो, चव बदललेलं अन्न चलित म्हणून बाजूला ठेवतो. तीच नजर या पिशवीला का लावत नाही?

पिशवी उघडली की आधी वास घ्या. तेलकट दाण्यांना जुन्या फरसाणासारखा खवट वास आला, तर तेल बिघडलंय. तळाशी हात घाला. फार भुगा, जाळी, गुठळ्या, बुरशीचा कुबट वास यांतलं काहीही असलं तर ती पिशवी परत करायची. ‘थोडंसं आहे, वाळवून घालते’ असं करायचं नाही. मका, भुईमूग यांच्यावर वाढणाऱ्या एका बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते शिजवल्याने किंवा उन्हात वाळवल्याने जात नाही, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. २०२० च्या शेवटी अमेरिकेत अशाच खाद्यामुळे शंभरावर कुत्री मेली, आणि लाखो किलो माल परत मागवावा लागला. बुरशी दरवेळी डोळ्यांना दिसतेच असंही नाही, म्हणून माल ताजा आणि वाण्याचा पत्ता पक्का असणं महत्त्वाचं.

साठवणीचंही तेच. वीस किलोचं पोतं स्वस्त पडतं म्हणून आणायचं आणि पावसाळ्यात दोन-तीन महिने उघडं ठेवायचं, म्हणजे त्यात पोरकिडे आणि अळ्या होणारच. मग ते जीव चाळून फेकायचे की तसेच कुत्र्याला घालायचे? जीवदयेच्या नावाखाली आपणच ती हिंसा ओढवून घेतो. महिन्याभरात संपेल एवढंच आणावं. मूळ पिशवीतच ठेवून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे तारीख आणि खेपेचा क्रमांक हाताशी राहतो.

आणि शेवटची परीक्षा खाणाऱ्याची. नवं खाद्य एकदम सुरू करू नये, जुन्यात थोडं थोडं मिसळत सात-आठ दिवसांत बदलावं. मग महिनाभर बघावं. शी घट्ट आणि मोजकी आहे का, केसांना चमक आहे का, खाजवतो का, बरगड्या हाताला लागतात पण डोळ्यांना दिसत नाहीत असं आहे का. मोतीचे केस परत यायला तीन महिने लागले.

दोन बाजूंची हिंसा

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. काही मैत्रिणी म्हणतील, एवढं करण्यापेक्षा मांसाहारी खाद्यच आणावं, कुत्र्याचा तो स्वभावच आहे. काही म्हणतील, दूध-भाकरीवर आमच्या आजोळची कुत्री जगलीच की.

मांसाची पिशवी मी आणू शकत नाही. कृत, कारित आणि अनुमोदना, तिन्हींचा दोष सारखाच असं आपण शिकलोय. मी स्वतः मारलं नाही, पण माझ्या पैशांनी मारवलं, यात मला पळवाट दिसत नाही. दुसऱ्या कुणी वेगळा निर्णय घेतला तर मी तिला नावं ठेवणार नाही, पण माझा निर्णय हा आहे.

मात्र गोष्ट तिथे संपत नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आठवा. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि पाचवा अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या प्राण्याला अन्नपाणी न देणं किंवा कमी देणं. मी मोतीला वाडगा भरून देत होते, पण त्यात त्याच्या शरीराला लागणारं अन्नच नव्हतं. तो अन्नपाननिरोधच झाला. माझं व्रत मी पाळलं आणि भूक त्याने सोसली. हा हिशोब मला आज मान्य नाही. माझा नियम पाळायचा असेल तर त्याचा खर्च, अभ्यास आणि खटपट मीच करायला हवी. ती त्या मुक्या जीवाच्या अंगावर टाकता येणार नाही.

कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर राहू शकतो. माणसाबरोबर राहता राहता पिष्ट पचवण्याची त्याची क्षमता लांडग्यापेक्षा बरीच वाढली आहे, हे २०१३ मध्ये त्याच्या जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. पण ‘नीट आखलेल्या’ हे शब्द विसरायचे नाहीत. दूध-भाकरी म्हणजे आखलेला आहार नव्हे. गावाकडची कुत्री भाकरीवर जगली असं आपल्याला वाटतं, पण ती दिवसभर बाहेर काय काय खायची ते आपण बघत नव्हतो. शिवाय पिल्लू, गाभण कुत्री आणि आजारी कुत्रा यांच्याबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच ठरवू नये. मोतीचं वर्षातून एकदा रक्त तपासतो आणि डॉक्टर त्याचं हृदयही ऐकतात, कारण फार डाळी-वाटाणे असलेल्या काही खाद्यांचा हृदयाशी संबंध आहे का, हा प्रश्न अमेरिकेत २०१८ पासून तपासला जातोय. एक समाधान मात्र आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, आणि ते आपल्या घरात मुळातच नसतात.

मांजराचं मात्र वेगळं आहे. तिला टॉरिनसारखे घटक स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाहीत, ते मुख्यतः मांसातून मिळतात. म्हणून ज्यांना घरात मांस चालणार नाही त्यांनी मांजर पाळायचं ठरवण्यापूर्वीच दहादा विचार करावा. आणून मग उपाशी ठेवण्यापेक्षा न आणणं ही मोठी दया आहे. खरं तर कुत्र्याबाबतही मी हेच म्हणेन. सासूबाईंच्या म्हणण्यातलं तथ्य मला आता कळतं. पण जो जीव दारात आला, त्याला मग अर्धवट सांभाळता येत नाही.

जीवंधर कुमारांची कथा आपण पर्वात ऐकतो. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याजवळ बसून त्यांनी त्याला णमोकार मंत्र ऐकवला आणि तो जीव देवगतीला गेला. कुत्र्यातही तोच आत्मा आहे हे ऐकताना आपण हात जोडतो. मग त्याच्या वाडग्यात काय पडतंय ते वाचायला पाच मिनिटं का नसावीत?

मंडळाचं काय झालं

दुसऱ्या बैठकीत मी मोतीची जुनी पिशवी घेऊन गेले. आठवण म्हणून ठेवली होती. त्या काकूंनी चष्मा लावून यादी वाचली. मग वहिनींच्या मोबाइलवर त्या पाच पोत्यांचं पान उघडलं. मागच्या बाजूचा फोटो होता, पण कितीही मोठा केला तरी घटक वाचता येईनात. काकू म्हणाल्या, “तांदूळसुद्धा मी असे डोळे झाकून घेत नाही.” पोती रद्द झाली.

ठरलं ते असं. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी चांगल्या खाद्याची एकच पिशवी दर महिन्याला आणायची. कमी असेल, पण खरं असेल. त्याच्या जोडीला घरोघरी पाळीने मऊ डाळभात, मीठ-मसाला न घालता, आणि स्वच्छ पाण्याची भांडी. उरलेले पैसे त्या कुत्र्यांच्या रेबीजच्या लसीसाठी आणि नसबंदीसाठी द्यायचे. दरवर्षी जन्मून रस्त्यावर चिरडली जाणारी पिल्लं वाचवायची असतील, तर हेही अन्नाइतकंच गरजेचं आहे. काही जणींना नसबंदीचं पटलेलं नाही, त्यावर पुन्हा बोलायचंय.

तुमच्या मंडळातही असा विषय निघेल तेव्हा एवढंच करा. पोतं मागवण्याआधी त्याची मागची बाजू सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा.

जय जिनेंद्र.